अक्षरांवरून शब्द कसा शोधावा?

(ध्वनिक्षेपित भाषण)

आजचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींजणांस हंसूं येईल. केस पिकलेल्या एका निवृत्त शाळामास्तरानें मुलांच्या खेळाविषयीं बोलावें, आणि तेंहि इंग्रजी शब्दांच्या खेळाविषयीं, हें प्रथमदर्शनीं विनोदाचेंच वाटण्याजोगें आहे. परंतु ह्या खेळानें माझ्यासारख्या जन्मभर इंग्रजी शिकविलेल्या माणसाचा गर्व कसा उतरविला, आणि त्यांतून मला काय उमगलें, तें सांगावें म्हणून मी आज आपला थोडा वेळ मागून घेतला आहे. इंग्रजी अक्षरें मी त्यांच्या नांवांनीं उच्चारणार आहें. जवळ कागद-पेन्सिल असल्यास तीं लिहून घ्यावींत, म्हणजे माझें म्हणणें कानांप्रमाणें डोळ्यांसहि पटेल.

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझी नात ‘स्क्रॅबल’ नांवाचा खेळ घेऊन बसली. चौकटींच्या पटावर अक्षरांच्या सोंगट्या मांडून शब्द जुळवावयाचे, असा हा खेळ. प्रत्येक खेळाडूच्या हातीं सात अक्षरें येतात, प्रत्येक अक्षराचे गुण ठरलेले असतात, आणि एकाच खेळींत सातहि अक्षरें वापरलीं तर पन्नास गुण अधिक मिळतात. पहिली खेळी नातीची होती. तिच्या हातीं आलेलीं अक्षरें अशीं : ए, ई, आय्, एन्, आर्, एस् आणि टी. ती बराच वेळ विचार करीत होती. "आजोबा, तुम्ही तरी सांगा," असें म्हणून तिनें माझ्याकडे पाहिलें. पण मलाहि ‘स्टेन’ म्हणजे डाग, ह्या पांच अक्षरी शब्दापलीकडे कांहीं सुचेना, आणि तिला तर माझी मदत अपुरी वाटून राग आला. तिनें ‘रॅट’ म्हणजे उंदीर, हा तीन अक्षरांचा शब्द मांडला व सहा गुण पदरांत पाडून घेतले.

रात्रीं अंथरुणावर पडल्यावर मला एकाएकीं आठवलें कीं, त्या सात अक्षरांत ‘रेटिनाज्’ हा शब्द दडलेला होता. रेटिना म्हणजे डोळ्यांतील दृष्टिपटल. आठच दिवसांपूर्वीं डॉक्टरांनीं माझीं दृष्टिपटलें तपासून तोच शब्द कागदावर लिहून दिला होता; आणि तरीहि तो माझ्या डोळ्यांस दिसला नाहीं! सात अक्षरांचे सात गुण, पहिल्या खेळीचे दुप्पट म्हणून चौदा, आणि वरचे पन्नास, असे चौसष्ट गुण आम्हीं सहांवर घालविले होते.

आतां शब्द ठाऊक होता, अक्षरें समोर होतीं. मग नडलें कोठें? विचार करतां मला असें दिसलें कीं, आपण शब्द मनांत सांठवितों ते त्यांच्या उच्चारानें आणि आद्याक्षरानें. शब्दकोशाची रचनाहि तशीच असते. शब्दकोश हें एकच दरवाजा असलेलें घर आहे. पहिलें अक्षर ठाऊक असेल तर आंत प्रवेश. तें ठाऊक नसेल, नुसतें मधलें किंवा शेवटचें अक्षर हातीं असेल, तर बाहेर उभें राहण्यावांचून गत्यंतर नाहीं. ही अडचण जुनीच आहे. इंग्लंडांत जॉन वॉकर नांवाच्या, पूर्वीं नट असलेल्या एका कोशकारानें १७७५ सालीं एक आगळा कोश प्रसिद्ध केला. त्यांत शब्द आद्याक्षराच्या क्रमानें न लावतां अंत्याक्षरापासून उलट क्रमानें लावलेले होते. कवीस यमकें सांपडावींत हा त्याचा एक हेतु. पण त्यामुळें घरास मागचा दरवाजा मिळाला.

शब्दांच्या खेळांना तर खिडक्याहि लागतात. २१ डिसेंबर १९१३ रोजीं ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ ह्या वृत्तपत्रांत आर्थर विन् ह्यानें पहिलें आधुनिक शब्दकोडें छापलें, आणि तेव्हांपासून ‘तिसरें अक्षर अमुक, शेवटचें अमुक, तर शब्द कोणता?’ हा प्रश्न घरोघर विचारला जाऊं लागला. अलीकडे, २०२१ सालीं, जॉश वॉर्डल ह्यानें लोकांपुढें मांडलेला ‘वर्डल’ हा खेळहि ह्याच जातीचा. पांच अक्षरी गुप्त शब्द सहा प्रयत्नांत ओळखावयाचा. प्रत्येक प्रयत्नानंतर कोणतें अक्षर योग्य जागीं आहे, कोणतें शब्दांत आहे पण जागा चुकली आहे, आणि कोणतें मुळींच नाहीं, एवढें कळतें. ह्या सर्व खेळांत यश देणाऱ्या कांहीं युक्त्या आहेत. त्या पाठांतराच्या नसून निरीक्षणाच्या आहेत. त्या मी क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट अक्षरांच्या वांट्याची. इंग्रजीत सव्वीस अक्षरें खरीं, पण तीं सर्व सारखीं राबत नाहींत. कोणताहि साधा इंग्रजी उतारा घेऊन शंभर अक्षरें मोजलीं तर त्यांत ‘ई’ सुमारें बारा वेळां येतें, आणि त्याच्या खालोखाल ‘टी’ नऊ वेळां. उलट ‘क्यू’ आणि ‘झेड्’ हीं अक्षरें हजारांत एखाद्या वेळींच भेटतात. तारयंत्राची मॉर्स लिपि रचतांना हेंच ध्यानांत घेतलें गेलें. त्या लिपींत ‘ई’साठीं नुसता एक ठिपका, ‘टी’साठीं एक रेघ, पण ‘क्यू’साठीं दोन रेघा, एक ठिपका आणि पुन्हां एक रेघ असा लांबलचक प्रपंच. आपल्या देशांतील तारसेवा २०१३ सालीं बंद झाली, पण तारमास्तरांच्या बोटांना हें अक्षरशास्त्र वर्षानुवर्षें अवगत होतें.

‘स्क्रॅबल’चा जनक आल्फ्रेड बट्स हा अमेरिकेंतील एक वास्तुशिल्पज्ञ. मंदीच्या काळांत, १९३१ सालीं, त्याची नोकरी गेली. रिकाम्या हातांस उद्योग म्हणून त्यानें वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवरील अक्षरें मोजलीं आणि त्या प्रमाणांत सोंगट्या ठरविल्या. पुढें १९४८ सालीं जेम्स ब्रुनो ह्यानें हक्क घेऊन खेळास आजचें नांव दिलें. शंभर सोंगट्यांत ‘ई’ बारा, ‘ए’ आणि ‘आय्’ नऊ-नऊ, ‘ओ’ आठ. पण ‘के’, ‘जे’, ‘एक्स्’, ‘क्यू’, ‘झेड्’ हीं एकेकच. ‘एस्’ मात्र चारच ठेवलीं, कारण तें अक्षर शेवटीं चिकटवून कोणीहि अनेकवचन करील आणि खेळ फार सोपा होईल. बाजारांतील न्यायाप्रमाणें जें दुर्मिळ तें महाग : ‘ई’चा गुण एक, ‘क्यू’ व ‘झेड्’चे प्रत्येकीं दहा.

ह्यावरून पहिला नियम निघतो. शोध घेतांना आधीं राबणाऱ्या अक्षरांची चौकशी करावी, आणि एका प्रश्नांत अनेक शंका फेडाव्या. एक उदाहरण घेऊं. ‘वर्डल’मध्यें आपणांस शेवटचीं चार अक्षरें कळलीं : आय्, जी, एच्, टी. आतां पहिलें अक्षर कोणतें? फाइट, लाइट, माइट, साइट, नाइट, राइट, टाइट, एट असे किती तरी शब्द होतात. एकेक मांडीत गेलें तर सहा प्रयत्न संपून जातील. शहाणा खेळाडू येथें मुद्दाम ‘फिल्म्स्’ हा शब्द मांडतो. तो उत्तर नव्हे हें त्यास ठाऊक असतें. पण त्यांत एफ्, एल्, एम्, एस् हीं चार अक्षरें आहेत. त्यांपैकीं जें अक्षर ‘मी आहें’ म्हणून सांगेल तें आपलें. एकहि बोललें नाहीं तर निम्मे शब्द एकदम बाद. चांगला प्रश्न विचारणें हें अर्धें उत्तर होय, असें मी वर्गांत पुष्कळदां म्हणत असें. तें मी स्वतः किती पाळलें, तें शेवटीं सांगेन.

दुसरी गोष्ट आपल्या मराठी डोळ्यांची. आपण बाराखडींत वाढलेले लोक. ‘कि’ हें आपल्यास एकच अक्षर दिसतें. व्यंजनाच्या कुशींत स्वर बसलेला असतो. इंग्रजीत स्वर वेगळा उभा राहतो, आणि त्याला वेगळी जागा लागते. म्हणून हातीं अक्षरें आल्याबरोबर स्वर एका बाजूस आणि व्यंजनें दुसऱ्या बाजूस करावींत. तीन स्वर आणि चार व्यंजनें असा सात अक्षरांचा संसार बहुधा सुखाचा होतो. पांच स्वर आले तरी घाबरूं नये. ‘एज्युकेशन’ म्हणजे शिक्षण, ह्या एकाच शब्दांत पांचहि स्वर एकेकदां येतात. ‘फसीशस्’ म्हणजे थट्टेखोर. त्यांत ते ए, ई, आय्, ओ, यू अशा क्रमानेंच येतात. आणि आपल्या उपखंडासंबंधीं वापरावयाच्या ‘सबकॉण्टिनेण्टल’ ह्या विशेषणांत ते नेमके उलट क्रमानें उभे आहेत. लिहून पाहावें.

तिसरी गोष्ट अक्षरांच्या संगतीची. माणसांप्रमाणें अक्षरांचेहि सोबती ठरलेले असतात. ‘एच्’ आलें कीं त्याच्या पाठीमागें सी, एस्, टी, पी, डब्ल्यू किंवा जी आहे कां पाहावें. ‘के’ शेवटीं येत असेल तर त्याच्या अलीकडे ‘सी’ बसतें कां पाहावें. ‘व्ही’ शब्दाच्या अखेरीस उघडें राहत नाहीं. ‘गिव्ह’, ‘हॅव्ह’, ‘लिव्ह’ ह्या शब्दांत त्याच्यामागें न उच्चारलें जाणारें ‘ई’ पांघरुणासारखें येतें. आणि ‘क्यू’च्या मागून ‘यू’ येणार हें तर शाळेंतील पोरासहि ठाऊक असतें.

परंतु हे नियम जेथें मोडतात तेथेंच अधिक मौज आहे. इंग्रजी कोशांत ‘यू’वांचून ‘क्यू’ असलेले शब्द कोणते? बुरका, तलाक, फकीर, कव्वाली! अरबींत ‘क’चा एक घशांतून निघणारा उच्चार आहे, तो दाखविण्यासाठीं ‘क्यू’ एकटेंच योजलें गेलें, आणि तसे ते शब्द इंग्रजी कोशांत जाऊन बसले. आपल्या मराठींत ते कधींचेच नांदत आहेत. तसेंच ‘जे’ हें अक्षर अस्सल इंग्रजी शब्दाच्या अखेरीस येत नाहीं. पण इंग्रजी कोशांत ‘राज’, ‘ताज’ आणि ‘स्वराज’ हे शब्द आहेत. म्हणून अक्षरें जेव्हां इंग्रजी रीत सोडून वागतात, तेव्हां पाहुणा शब्द आला आहे असें समजावें. आणि तो पाहुणा पुष्कळदां आपल्याच गांवचा निघतो.

चौथी गोष्ट शब्दाच्या बांध्याची. इंग्रजी शब्दास पुढें व मागें जोडावयाचे कांहीं तुकडे ठरलेले आहेत. पुढें ‘री’, ‘अन्’. मागें ‘इंग’, ‘एड्’, ‘अर्’, ‘एस्ट’ आणि अनेकवचनाचें ‘एस्’. हातच्या अक्षरांतून असा एखादा तुकडा बाजूस काढून ठेवावा आणि उरलेल्यांचाच विचार करावा. आमच्या त्या सात अक्षरांवर हा प्रयोग करूं. ‘एस्’ बाजूस ठेवलें तर उरतात ए, ई, आय्, एन्, आर्, टी. त्यांतून ‘री’ पुढें घेतलें कीं ‘रिटेन’, म्हणजे राखून ठेवणें; ‘एस्’ जोडलें कीं ‘रिटेन्स’. त्याच सहा अक्षरांचा ‘रेटिना’. किंवा ई आणि आर् मागें काढून ठेवावीं. मग उरलेल्या पांचांत ‘नॅस्टी’ ह्या शब्दाची चाहूल लागते, आणि ‘वाय्’च्या जागीं ‘आय्’ घालून ‘नॅस्टियर’ होतो, म्हणजे अधिक ओंगळ. ज्या गड्यांत आम्हांस एक उंदीर सांपडला, त्याच गड्यांत एवढी मंडळी बसलेली होती.

अनुभवी खेळाडू ए, ई, आय्, एन्, एस्, टी ह्या सहा अक्षरांना फार मानतात, कारण त्यांना बहुतेक कोणतेंहि सातवें अक्षर मानवतें. ‘डी’ मिळालें तर ‘इन्स्टेड’, ‘जी’ मिळालें तर ‘टीझिंग’, ‘एल्’ मिळालें तर ‘सेलियंट’, ‘एम्’ मिळालें तर ‘इन्मेट्स’, ‘व्ही’ मिळालें तर ‘नेटिव्ज्’. पावसाच्या दुपारीं मुलांस हीं सहा अक्षरें द्यावीं आणि सातवें बदलीत जावें. दोन तास कसे गेले तें कळत नाहीं.

पांचवी युक्ति वहीची. एखाद्या शब्दाचीं अक्षरें वर्णक्रमानें मांडावींत. ‘लिसन’ म्हणजे ऐकणें, ह्या शब्दाचीं अक्षरें क्रमानें लावलीं तर ई, आय्, एल्, एन्, एस्, टी अशी ओळ होते. ‘सायलेंट’ म्हणजे निःशब्द, ह्या शब्दाचीहि तीच ओळ. ‘टिन्सेल’ म्हणजे जरीची चमक, आणि ‘एन्लिस्ट’ म्हणजे नांव नोंदविणें, ह्यांचीहि तीच. ही ओळ म्हणजे किल्ली. वहींत किल्ली डावीकडे आणि तिनें उघडणारे शब्द उजवीकडे लिहीत गेलें, तर वर्षभरांत घरचा एक असा कोश तयार होईल कीं, ज्याला कोणत्याहि अक्षरानें प्रवेश आहे. माझ्या नातीची अशी वही दिवाळीपासून चालू आहे.

येथें कोणी म्हणेल, "मास्तर, एवढी यातायात कशाला? आतां हातांतल्या यंत्रांत अक्षरें टाकलीं कीं क्षणांत शब्दांची यादी पुढें येते." हें अगदीं खरें आहे. यंत्र करतें तें हेंच. तें लक्षावधि शब्दांच्या किल्ल्या आधींच लावून ठेवतें. डाव संपल्यावर आपल्याकडून काय निसटलें तें पाहण्यासाठीं मीहि त्याचें साहाय्य घेतों. पण डाव चालू असतांना त्यास विचारणें म्हणजे उत्तरपत्रिका समोर ठेवून परीक्षेस बसणें होय.

ह्याहून सूक्ष्म असा एक प्रश्न आहे. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स हा ह्या खेळांतील असामान्य पुरुष. त्यास फ्रेंच बोलतां येत नव्हतें. तरी फ्रेंच शब्दांची यादी पाठ करून त्यानें २०१५ सालीं फ्रेंच स्क्रॅबलचें जगज्जेतेपद मिळविलें, आणि २०२४ सालीं स्पॅनिशमध्येंहि तोच पराक्रम केला. त्याच्या स्मरणशक्तीस माझा साष्टांग नमस्कार असो. स्पर्धेच्या पटावर अर्थाला किंमत नाहीं, हें त्यानें सिद्ध केलें. पण आपल्या घरांतील पट हा स्पर्धेचा पट नव्हे. आमच्या घरीं एक नियम आहे : शब्द मांडणाऱ्यानें त्याचा अर्थ सांगावा, सांगतां न आल्यास सर्वांनीं मिळून कोश उघडावा, आणि मगच गुण लिहावे. त्यामुळें खेळ सावकाश चालतो, परंतु उठतांना प्रत्येकाच्या पदरांत चार शब्द पडलेले असतात.

आतां, शेवटीं सांगेन म्हटलें होतें तें. मी स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलेला. पांचवी ते सातवीच्या मुलांस मीं इंग्रजी शिकविलें तें माझ्या गुरुजींनीं मला शिकविलें तसेंच, म्हणजे घोकंपट्टीनें. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. सातवीच्या वर्गांत मीं फळ्यावर ‘रिदम’ हा शब्द लिहिला : आर्, एच्, वाय्, टी, एच्, एम्. शेवटच्या बांकावरचा एक मुलगा उठून उभा राहिला. शाळेच्या लेझीम-पथकांत हलगी वाजविणारा तो मुलगा. ताल त्याच्या हाडांत होता, पण स्पेलिंग त्याला कधींच साधलें नाहीं. तो म्हणाला, "सर, ह्यांत एकहि स्वर नाहीं. मग हा बोलला कसा जातो?" वर्ग हंसला. मला तो उद्धटपणा वाटला. मीं त्यास तो शब्द शंभर वेळां लिहून आणावयास सांगितलें. त्यानें तो लिहून आणला. त्यानंतर माझ्या तासास त्यानें पुन्हां कधीं प्रश्न विचारला नाहीं, आणि पुढल्या वर्षीं शाळा सोडून तो वडिलांच्या दुकानांत बसूं लागला.

गेल्या महिन्यांत नातीच्या हातीं एकहि स्वर नसलेलीं अक्षरें आलीं. ती रडवेली होऊन म्हणाली, "आजोबा, ह्यांतून शब्द होणारच नाहीं." त्यांत एक ‘वाय्’ होतें. मीं तें उचलून मधोमध ठेवलें, आणि तिला सांगितलें कीं, हें व्यंजनांच्या रांगेंत उभें असलें तरी स्वराचें काम करतें. ग्रीक भाषेंतील एक स्वर लॅटिनांत उतरवितांना त्याच्यासाठीं हें अक्षर घेतलें गेलें. म्हणून ‘हिम्’, ‘मिथ्’, ‘निम्फ्’, ‘क्रिप्ट्’, ‘लिंक्स्’ आणि ‘रिदम’ हे ग्रीक कुळांतील शब्द ए, ई, आय्, ओ, यू ह्यांवांचून उभे राहतात. तिनें लगेच ‘मिथ्’ मांडला.

सांगतां सांगतां मीच थांबलों. त्या मुलाच्या प्रश्नाचें हें उत्तर होतें. माझ्या सबंध नोकरींत विचारला गेलेला तो सर्वांत चांगला प्रश्न. आणि उत्तर मला तेव्हां ठाऊक नव्हतें, म्हणून मीं शिक्षा दिली. शब्द अक्षरांनीं कसे बांधले जातात, ह्याकडे त्याचें लक्ष गेलें होतें. माझें गेलें नव्हतें.

श्रोतेहो, आपल्या घरांत एखादें मूल हातांतील अक्षरांकडे पाहत अडून बसलें, तर त्याला तयार शब्द सांगूं नका, आणि रागावूंहि नका. स्वर वेगळे कर, जोडाक्षरें शोध, तुकडे बाजूस काढ, एवढेंच सांगा. आणि त्यानें ‘असें कां?’ म्हणून विचारलें तर खेळ थांबवून त्याच्याबरोबर कोश उघडा. माझा तो विद्यार्थी आतां पन्नाशीच्या घरांत असेल. तो कोठें ऐकत असेल तर त्यास माझें एवढेंच सांगणें आहे कीं, तुझा प्रश्न बरोबर होता. उत्तर द्यावयास मला उशीर झाला.